रकाना ३३ आणि राहून गेलेली पदकं

मे १९४५ मध्ये युरोपातलं युद्ध संपलं आणि अमेरिकी भूसेनेतला जो तो बेरजा करायला बसला. घरी आधी कोण जाणार हे गुणांवर ठरणार होतं. सेवेच्या दर महिन्याला एक गुण, परदेशात काढलेल्या दर महिन्याला आणखी एक, अठरा वर्षांखालच्या मुलामागे बारा (पण तीन मुलांपुरतेच), आणि प्रत्येक सन्मानपदकाला किंवा मोहिमेतल्या सहभागाबद्दल मिळालेल्या ताऱ्याला पाच. ८५ भरले की सुटका. या हिशेबात जखमेबद्दल मिळणाऱ्या पर्पल हार्टचे पाच गुण म्हणजे परदेशातले अडीच महिने. त्यामुळे आपल्याला काय मिळालंय आणि काय यायचंय, हे तेव्हा शिपायाला तोंडपाठ असायचं.

याच पिढीच्या सेवामुक्तीच्या कागदांवर आज पदकांची यादी अर्धवट सापडते. माजी सैनिक स्वतः, आणि आता बहुतेक वेळा त्याची मुलं-नातवंडं, ती पुरी करून घेण्यासाठी अर्ज करतात. ‘१९७३ च्या आगीत गेलं सगळं’ हे उत्तर त्यांना हमखास ऐकायला मिळतं. सैनिकांच्या फायली ठेवलेल्या सरकारी केंद्रातली ही आग खरी आहे आणि तिचं नुकसानही प्रचंड आहे. पण माझ्या मते ती या गोष्टीतला उशिरा आलेला भाग आहे. पदकं राहून जायला सुरुवात त्याच्या कितीतरी आधी, कागद टाइप होत होता तेव्हाच झाली होती.

दुसऱ्या महायुद्धातल्या भूसैनिकाला सुटताना मिळायचा तो ‘डब्ल्यूडी एजीओ ५३-५५’ नावाचा फॉर्म. एकच पान, गच्च भरलेलं, कडेला उजव्या अंगठ्याचा ठसा. त्यातला रकाना ३३ सन्मानपदकांचा. शेऱ्याच्या रकान्यात कधी कधी तो गुणांचा आकडाही दिसतो. त्यावरून उलटं गणित मांडून पाहायचा मोह होतो, पण महिने, मुलं आणि तारे एकाच बेरजेत विरघळलेले असतात, ते काही वेगळे काढता येत नाहीत.

हा फॉर्म कुठल्या परिस्थितीत भरला गेला ते पाहायला हवं. १९४५ मध्ये सुमारे १ कोटी २० लाख माणसं गणवेशात होती, १९४७ च्या मध्यापर्यंत ती सुमारे १५ लाखांवर आली. सुटकेच्या केंद्रांवर कारकून समोरच्या बाडात जे असेल ते टाइप करत, आणि बाडात सगळं असायचंच असं नाही. जखमी माणूस आघाडीवरच्या दवाखान्यातून मागच्या इस्पितळात, तिथून भरतीच्या राखीव डेपोत आणि कधी कधी भलत्याच तुकडीत जायचा. पर्पल हार्टचा आदेश इस्पितळाने काढलेला, माणूस पुढे गेलेला, आणि आदेशाची प्रत त्याच्या फायलीपर्यंत पोचलेलीच नाही, असं व्हायचं. रांगेत उभ्या शिपायाने तेव्हा हरकत का घेतली नाही, असं आज विचारणं सोपं आहे. सही केली की घरी जायला मिळणार होतं.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. कागद एका ठराविक दिवशी तयार झाला, पदकं मात्र त्यानंतरही निघत राहिली.

ब्रॉन्झ स्टारचंच पाहा. हे पदक राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी फेब्रुवारी १९४४ मध्ये सुरू केलं. वैमानिकांसाठी एअर मेडल १९४२ पासून होतं; चिखलात लढणाऱ्या पायदळासाठी तसं काही नाही, ही भूसेनाप्रमुख जनरल मार्शल यांची तक्रार त्यामागे होती. पुढे १९४७ मध्ये ठरलं की ७ डिसेंबर १९४१ ते २ सप्टेंबर १९४५ या काळात ज्याने लढाऊ पायदळाचा किंवा लढाऊ वैद्यकीय सेवेचा बिल्ला कमावला, त्याला ब्रॉन्झ स्टारही द्यायचा. पण तो आपोआप मिळणार नव्हता, अर्ज करावा लागणार होता. तोवर ही माणसं शेतात, कारखान्यात, कॉलेजात पांगली होती. अनेकांना हा निर्णय कळलाच नाही. त्यांच्या फॉर्मवर बिल्ल्याची नोंद आहे आणि पदकाची नाही. यात कारकुनाची काही चूक नव्हती, त्याने टाइप केलं तेव्हा तो नियमच अस्तित्वात नव्हता.

कोरियाची कथा तर आणखी लांबली. दक्षिण कोरियाने आपलं युद्धसेवा पदक अमेरिकी सैनिकांना १९५१ मध्येच देऊ केलं होतं. अमेरिकी संरक्षण खात्याने ते स्वीकारायला आणि वापरायला मान्यता दिली ऑगस्ट १९९९ मध्ये. लढाई थांबल्यानंतर कोरियात पहारा दिलेल्यांसाठी वेगळं पदक काढणारा कायदा २००२ चा, आणि तो लागू होतो थेट जुलै १९५४ पासूनच्या सेवेला. युद्धकैद्यांचं पदक १९८५ च्या कायद्याने आलं आणि ५ एप्रिल १९१७ नंतर पकडल्या गेलेल्यांना मागे जाऊन लागू झालं. म्हणजे पहिल्या महायुद्धातला कैदीही त्याला पात्र, फक्त त्याचा कागद त्याआधी साठेक वर्षं कपाटात पडून होता. व्हिएतनाममधून परतलेल्या भूसैनिकांच्या बाबतीत १९७४ चा सामान्य आदेश क्रमांक ८ वारंवार आडवा येतो. त्याने व्हिएतनाम प्रजासत्ताकाच्या, म्हणजे दक्षिण व्हिएतनामच्या, गॅलंट्री क्रॉस या शौर्यपदकाचा तुकड्यांना दिलेला सन्मान फेब्रुवारी १९६२ ते मार्च १९७३ मधल्या जवळपास सगळ्या भूसैनिकांना लागू केला. तोपर्यंत बहुतेक जण सुटून गेले होते. त्यांच्या हातात ‘डीडी २१४’ हा सर्व दलांसाठी १९५० पासून चालू असलेला सेवामुक्तीचा फॉर्म होता, आणि तो १९७४ ची गोष्ट सांगणार तरी कशी?

आता आगीकडे येऊ. मिसूरी राज्यातल्या सेंट लुइसजवळ ओव्हरलँड इथे राष्ट्रीय कार्मिक अभिलेख केंद्राची सहा मजली इमारत होती. १२ जुलै १९७३ ला मध्यरात्रीनंतर सहाव्या मजल्यावर आग लागली आणि ती पुरती विझायला चार दिवस लागले. मजल्यावर पाण्याचे स्वयंचलित फवारे नव्हते. १ नोव्हेंबर १९१२ ते १ जानेवारी १९६० या काळात सुटलेल्या भूसैनिकांच्या सुमारे ८० टक्के फायली गेल्या. हवाई दलात सप्टेंबर १९४७ ते जानेवारी १९६४ मधल्या, आणि आडनाव वर्णक्रमाने ‘हबर्ड’च्या पुढे असलेल्यांच्या सुमारे ७५ टक्के. एकूण अंदाज १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फायलींचा. अंदाजच, कारण या फायलींच्या ना दुसऱ्या प्रती होत्या, ना मायक्रोफिल्म, ना सूची. काय जळलं याची यादीही करता येत नाही, अशी ती आग. कारण शेवटपर्यंत ठामपणे सिद्ध झालं नाही.

जे वाचलं ते भिजलेलं होतं, आणि सेंट लुइसचा जुलै म्हणजे बुरशीचं राज्य. थायमॉल हे बुरशीनाशक फवारून, दुधाच्या प्लास्टिकच्या क्रेटमध्ये भरून हे कागद मॅकडॉनेल डग्लस कंपनीच्या निर्वात कक्षात वाळवले गेले. अंतराळमोहिमांच्या चाचण्यांसाठी बांधलेल्या त्या कक्षात शिपायांच्या फायली सुकत होत्या. अशा सुमारे ६५ लाख फायली हाती लागल्या, त्यांतल्या कित्येकांच्या कडा जळून काळ्या झालेल्या.

त्याच सहाव्या मजल्यावर रोजच्या हजेरीअहवालांची एक लाखाहून जास्त मायक्रोफिल्म रिळं होती, आणि ती घाईघाईने बाहेर काढली गेली. पदकांच्या दृष्टीने त्या आठवड्यातली ही सगळ्यात मोलाची सुटका म्हणता येईल. ‘मॉर्निंग रिपोर्ट’ म्हणजे हाच हजेरीअहवाल, कंपनी या लष्करी तुकडीच्या पातळीवर रोज भरला जाणारा. सगळं बरं असेल तर त्यात नावं नसतात. कोण आला, कोण गेला, कोण इस्पितळात, कोण न सांगता गायब, एवढ्याच नोंदी. पण एखाद्या ओळीत ‘लढाईत किरकोळ जखमी, इस्पितळात रवाना’ असं तीन-चार संक्षेपांत लिहिलेलं असतं, आणि पर्पल हार्टच्या अर्जाचा सगळा भार ती ओळ उचलते. त्या पदकासाठी तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: जखम शत्रूच्या कारवाईतली होती, वैद्यकीय उपचार घेतले, आणि त्या उपचारांची अधिकृत नोंद आहे. पायात गोळीचा व्रण असलेला म्हातारा समोर बसला तरी तिसरी अट सुटत नाही. १९८८ मध्ये युद्धकाळातल्या इस्पितळभरतीच्या नोंदी असलेल्या जुन्या संगणकीय टेप उजेडात आल्या, तेव्हा त्या अटीने अडलेल्यांना आणखी एक आधार मिळाला.

पर्पल हार्टचा स्वतःचा वंश पाहिला तर दप्तर हरवणं त्याच्या रक्तातच आहे असं म्हणावं लागेल. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी ७ ऑगस्ट १७८२ ला न्यूबर्ग इथून ‘बॅज ऑफ मिलिटरी मेरिट’ सुरू केला, जांभळ्या कापडाचं हृदय. मानकऱ्यांची नावं एका गुणपुस्तकात लिहून ठेवावीत असा त्यांचा हुकूम होता. ते पुस्तक सापडलेलं नाही. निश्चित माहीत असलेली नावं फक्त तीन. १९३२ मध्ये, वॉशिंग्टन यांच्या जन्माला दोनशे वर्षं झाली तेव्हा, तेव्हाचे भूसेनाप्रमुख डग्लस मॅकआर्थर यांच्या पुढाकाराने हे पदक नव्या रूपात परत आलं.

आणि दुरुस्ती? १९४६ पर्यंत एखाद्याची लष्करी नोंद बदलायची तर कित्येकदा काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेत, त्या एका माणसापुरतं खासगी विधेयक आणावं लागे. यादवी युद्धातल्या कुणा शिपायावरचा पळपुटेपणाचा शेरा पुसायचा, तर दोन्ही सभागृहांनी ते मंजूर करायचं आणि राष्ट्राध्यक्षांनी सही करायची. कामकाजाचा फार वेळ त्यात जाई. ट्रूमन यांनी २ ऑगस्ट १९४६ ला सही केलेल्या विधिमंडळ पुनर्रचना कायद्याने अशा विधेयकांना दार बंद केलं. ज्या विषयांवर खासगी विधेयक यापुढे घेऊ नये असं त्यात लिहिलं, त्या यादीत नौकानयनाच्या नद्यांवरच्या पुलांच्या शेजारी लष्करी नोंदींची दुरुस्ती बसली आहे. त्याऐवजी त्या-त्या खात्याच्या सचिवांना ‘चूक’ सुधारण्याचा किंवा ‘अन्याय’ दूर करण्याचा अधिकार मिळाला, आणि तो मुलकी माणसांच्या मंडळामार्फत वापरायचा असं ठरलं. भूसेना, नौदल आणि हवाई दल यांची दुरुस्ती मंडळं आज याच अधिकारावर चालतात. मरीन दलाचे अर्ज नौदलाच्या मंडळाकडे जातात.

व्यवहारात मंडळापर्यंत जायची गरज दर वेळी नसते. नियमानुसार आपोआप लागू होणारी पदकं, म्हणजे मोहिमांची, विजयाची, तुकडीला मिळालेली, ही सेवेतल्या प्रशासकीय कार्यालयातच जोडली जातात. भूसेनेने छापलेल्या जंत्र्या आहेत, कुठली तुकडी कुठल्या तारखांना कुठल्या मोहिमेत होती ते सांगणाऱ्या. माणसाची तुकडी आणि तारखा जुळल्या की ताराही जुळतो. तिथे काम अडलं तर ‘डीडी १४९’ हा दुरुस्तीचा अर्ज भरून मंडळाकडे. चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांची मुदत कायद्यात आहे, पण न्यायाच्या दृष्टीने योग्य वाटल्यास मंडळ ती माफ करू शकतं, आणि पन्नास-साठ वर्षांनी आलेल्या अर्जांवर निर्णय झालेले आहेत. मात्र मंडळ सुरुवात करतं ती जुना कागद बरोबर आहे असं गृहीत धरून. तो चुकला हे दाखवायची जबाबदारी अर्जदाराची. एका परीने हे रास्त आहे, कारण ‘फाइल जळली’ ही सबब खोटी पदकं सांगणाऱ्यांनाही सोयीची असते. पण ज्याची फाइल खरोखर सरकारच्या ताब्यात असताना सरकारच्याच इमारतीत जळली, त्याच्याकडूनही तोच पुरावा मागणं मला खटकतं.

शौर्यासाठीची पदकं हा निराळाच प्रकार. तिथे नोंद राहून गेलेली नसते, शिफारसच झालेली नसते किंवा वाटेत कुठेतरी थांबलेली असते. अशा जुन्या प्रकरणांत मुदतीची अडचण बाजूला ठेवून, काँग्रेस सदस्यामार्फत फेरविचार मागण्याची वाट १९९६ च्या कायद्याने मोकळी झाली. दुसऱ्या महायुद्धातल्या एकाही कृष्णवर्णीय सैनिकाला तोवर ‘मेडल ऑफ ऑनर’ हे सर्वोच्च शौर्यपदक मिळालेलं नव्हतं. भूसेनेने करून घेतलेल्या अभ्यासानंतर जानेवारी १९९७ मध्ये सात जणांना ते मिळालं, आणि त्यांतले एकटे व्हर्नन बेकर ते स्वतःच्या हातांनी घ्यायला हयात होते.

मंडळाने उलटा प्रवासही दुरुस्त केला आहे. १९१७ मध्ये एका फेरतपासणीने ‘मेडल ऑफ ऑनर’च्या यादीतून ९११ नावं काढून टाकली. त्यांत यादवी युद्धातल्या शल्यचिकित्सक मेरी वॉकर होत्या, कारण त्या मुलकी होत्या. त्यांनी पदक परत केलं नाही, १९१९ मध्ये मरेपर्यंत त्या ते लावून फिरल्या. १९७७ मध्ये भूसेनेच्या दुरुस्ती मंडळाच्या शिफारशीवरून त्यांचं नाव यादीत परत आलं.

साध्या प्रकरणात अर्ज मंजूर झाला की येतो तो ‘डीडी २१५’. जुना फॉर्म रद्द होत नाही, नवा टाइप करून मिळत नाही. ही फक्त जोडपुरवणी. त्यात रकान्याचा क्रमांक असतो, काय वगळायचं आणि काय घालायचं ते असतं. आधी का राहिलं, याला तिथे रकाना नाही.