केस मऊ, ब्लेड पोलादाचं, तरी धार केसामुळेच जाते

वापरलेलं ब्लेड पिरॅमिडखाली उत्तर-दक्षिण ठेवलं की रात्रीतून त्याला पुन्हा धार येते, असं सांगणारे व्हिडिओ अजूनही फिरतायत. वास्तूच्या नावाखाली तांब्याचे पिरॅमिड विकणारे पण हाच दाखला देतात, की बघा, याचं चक्क पेटंट आहे. पेटंट खरंच आहे. चेकोस्लोव्हाकियातल्या कारेल द्रबल नावाच्या रेडिओ इंजिनिअरने १९४९ साली अर्ज केला आणि १९५९ साली त्याला ते मिळालं, नंबर ९१३०४. पण पेटंट म्हणजे एखाद्या कल्पनेवरचा हक्क, ती कल्पना चालते याचं सर्टिफिकेट नव्हे, आणि हा फरक लोकांना माहीत नसतो म्हणून पिरॅमिड खपतात. मला याचा राग येतो, कारण ब्लेडची धार नेमकी कशी जाते हे आता मायक्रोस्कोपखाली बघून झालंय आणि ती खरी गोष्ट पिरॅमिडपेक्षा कितीतरी भारी आहे.

प्रश्न साधा आहे. ब्लेडचं पोलाद केसापेक्षा सुमारे ५० पट कठीण असतं. मग दहा-बारा दाढ्यांत ते बोथट का होतं? झिजतं म्हणावं तर इतक्या मऊ वस्तूवर इतकं कठीण पोलाद इतक्या लवकर झिजायला नको. गंजतं म्हणावं तर आजकालची पाती स्टेनलेसची असतात.

आधी ब्लेड काय चीज आहे ते बघू. दोन धारांचं साधं पातं, जे किराणा दुकानात कागदात गुंडाळलेलं मिळतं, ते जेमतेम ०.१ मिलिमीटर जाड असतं. पोलादात साधारण १३ टक्के क्रोमियम आणि अर्ध्या-पाऊण टक्क्याच्या आसपास कार्बन. ही पट्टी १००० अंश सेल्सिअसच्या वर तापवून झटकन थंड करतात. तापलेल्या पोलादात कार्बन विरघळलेला असतो, एकदम थंड केल्यावर त्याला बाहेर पडायला वेळच मिळत नाही, तो लोखंडाच्या अणूंच्या मध्ये अडकून बसतो आणि ती जाळी ताणून धरतो. या ताणलेल्या रचनेला मार्टेन्साइट म्हणतात, पोलादाचा कडकपणा तिथून येतो. मग कडा घासत घासत इतकी बारीक करतात की टोकाची जाडी नॅनोमीटरमध्ये मोजावी लागते, म्हणजे दाढीच्या केसापेक्षा हजारपटीहून कमी. एवढं पातळ पोलाद वाकडं न होता कडक करणं हे एकेकाळी अशक्यच मानलं जायचं. किंग कॅम्प जिलेटला पातळ, फेकून देण्याच्या पात्याची कल्पना सुचली खरी, पण ते प्रत्यक्षात आणलं विल्यम निकरसन या अमेरिकेतल्या एमआयटीत (मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) शिकलेल्या इंजिनिअरने. १९०३ मध्ये विक्री सुरू झाली आणि त्या वर्षी खपले ५१ रेझर आणि १६८ पाती. पुढच्याच वर्षी रेझरचा आकडा ९०,००० च्या पुढे गेला.

आता मुद्द्याचं. याच एमआयटीत जियानलुका रोशोली नावाचा विद्यार्थी, जेम तासान हे धातुशास्त्राचे प्राध्यापक आणि सैयदे मोहद्देसे ताहेरी-मुसवी ही संशोधक, या तिघांनी हा प्रश्न धरला. त्यांचं काम ऑगस्ट २०२० मध्ये 'सायन्स' या जर्नलमध्ये आलं. रोशोलीने काय केलं, तर साध्या डिस्पोजेबल रेझरने स्वतःची दाढी केली आणि दर दाढीनंतर ब्लेड इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली घातलं. अपेक्षा अशी, की कडा हळूहळू घासून गोल होताना दिसेल. दिसलं भलतंच. कडेला झिजेचं फारसं चिन्ह नाही, पण काही ठराविक ठिकाणी कडेचे टवके उडालेले. केसाच्या जाडीच्या साधारण दहाव्या भागाएवढे टवके. म्हणजे धार जाते ती झिजून नाही, तुटून.

मग त्यांनी मायक्रोस्कोपच्या आतच बसेल असं एक छोटं यंत्र बनवलं, ज्यात केस एका बाजूला घट्ट पकडायचा आणि पातं ठरवलेल्या कोनात त्याच्यावर आणायचं. केस पात्याला अगदी काटकोनात आला की काहीच होत नाही, पातं आरामात कापून जातं. पण केस तिरका आला, किंवा पातं टेकल्यावर वाकून तिरका झाला, की टवका उडायची शक्यता वाढते. आणि दाढीत हेच तर होतं, केसाचं मूळ कातडीत घट्ट आणि वरचं टोक मोकळं, त्यामुळे पातं टेकलं की केस सरळ उभा राहून कापून घेत नाही, आधी वाकतो.

वाकला तर वाकला, एवढ्याने पोलाद का तुटावं? इथे तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात. एक, केस तिरका झाल्यामुळे पात्याच्या टोकावर समोरून येणाऱ्या जोराशिवाय बाजूनेही जोर येतो, आणि टोक इतकं पातळ आहे की ते बाजूला झुकतं. दोन, घासून धार लावताना कडेवर आधीच अतिसूक्ष्म खाचा राहिलेल्या असतात. कापडाच्या काठाला कुठे चीर असली की ओढल्यावर तिथूनच फाटत जातं, तसा सगळा ताण खाचेच्या टोकाशी गोळा होतो, आणि केस खाचेच्या नेमका एका बाजूला टेकला असेल तर ती बाजू झुकते, दुसरी जागेवर राहते, मधल्या रेषेवर कातर पडते. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, ती म्हणजे मार्टेन्साइट सगळीकडे सारखं नसतं. त्याचे बारीक बारीक पट्टे असतात, काही जास्त कडक, काही थोडे मऊ आणि लवचिक, आणि कडेचं टोक इतकं बारीक की तिथे अशा थोड्याच पट्ट्यांवर सगळा भार असतो. खाचेच्या ज्या बाजूला केस टेकलाय ती बाजू मऊ निघाली तर ती जास्त झुकते, शेजारची कडक बाजू झुकायला तयार नसते, दोघींच्या सीमेवर तडा जातो आणि तुकडा निघतो. ताहेरी-मुसवींनी कॉम्प्युटरवर हेच वेगवेगळ्या कोनांत आणि वेगवेगळ्या रचनांत करून बघितलं आणि तिन्ही अटी जुळल्या तरच टवका उडतो असं दिसलं. एका केसाच्या बाबतीत हे तिन्ही जुळणं दुर्मीळ, पण दाढीत केस हजारोंनी असतात. आणि एक टवका उडाला की तिथे नवी खाच तयार, म्हणजे पुढच्या टवक्याची सोय.

म्हणून पिरॅमिडखाली ठेवून काही होणं शक्य नाही. तो पोलादाचा तुकडा बेसिनमधून वाहून गेलेला असतो, तो परत कुठून येणार?

हे समजलं की आजोबांच्या पद्धतीची दाढी, म्हणजे गरम पाणी, ब्रश, साबण, एक पातं, ही नुसती हौस नाही हे पण समजतं. जे आपल्या हातात आहे ते म्हणजे केस. केस केराटिन नावाच्या प्रोटीनचा असतो आणि त्याचे लांबच लांब रेणू एकमेकांना वेगवेगळ्या बंधांनी धरून असतात, त्यातले हायड्रोजन बंध पाणी शिरलं की सुटतात. केस स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के पाणी पिऊ शकतो, लांबीत जवळपास तेवढाच राहतो पण जाडीला फुगतो आणि मऊ पडतो. मऊ पडला की कापायला लागणारा जोर बराच कमी होतो. जोर कमी म्हणजे मूळ कमी ओढलं जातं, कातडी कमी सोलते, आणि माझ्या मते पात्याच्या टोकावरही भार कमी येतो. फक्त याला वेळ लागतो, दोन-तीन मिनिटं तरी. तोंडावर पाण्याचा एक हबका मारून लगेच रेझर लावला तर केस वरून ओला, आतून कोरडाच. आधी साध्या साबणाने चेहरा धुवा, केसावरचं तेल गेलं की पाणी लवकर शिरतं.

गरम पाण्याने रोमछिद्रं उघडतात आणि गार पाण्याने बंद होतात, हे सलूनपासून जाहिरातीपर्यंत सगळे सांगतात, ते मात्र खरं नाही. त्या छिद्रांना दार नाही आणि उघडमीट करणारा स्नायूही नाही. गरम पाण्याचा फायदा एवढाच की तेल सुटतं आणि केस लवकर भिजतो.

आपल्याकडे एक अडचण आहे. बहुतेक घरांत आधी दाढी, मग आंघोळ, कारण दाढीनंतर अंघोळ केल्याशिवाय देवघराकडे जायचं नाही. केसाच्या दृष्टीने क्रम बरोबर उलटा हवा. क्रम बदलणं जमत नसेल तर गरम पाण्यात पिळलेला नॅपकिन दोन-तीन मिनिटं गालावर धरा, काम होतं.

साबणाचं काम मुख्यतः हे पाणी केसाजवळ टिकवून धरायचं. दाढीच्या चांगल्या साबणात स्टिअरिक ॲसिड भरपूर असतं आणि ते पोटॅशियम हायड्रॉक्साइडने साबणात बदललेलं असतं. पोटॅशियमचा साबण सोडियमच्या साबणापेक्षा मऊ आणि पाण्यात लवकर मिसळणारा, त्यामुळे फेस दाट, बारीक बुडबुड्यांचा होतो आणि लवकर सुकत नाही. ब्रशने तो केसांच्या मुळापर्यंत जातो, केस उभे राहतात. बोअरचं पाणी असेल तर फेसच धरत नाही हा अनुभव अनेकांना असेल, त्याचं कारण पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. ते स्टिअरेटला पकडतात आणि न विरघळणारा चिकट साका तयार होतो, भांड्याच्या कडेला पांढरी कड बसते ती तीच. अशा वेळी साबण बदलण्यापेक्षा दाढीपुरतं वाटीभर आरओचं किंवा पावसाचं पाणी घ्या, फरक लगेच दिसेल.

वाटीभर पाण्यावरून आठवलं. २००० नंतर एका नव्या रेझरची चाचणी जिलेट कंपनीने एमआयटीतल्याच भारतीय विद्यार्थ्यांवर घेतली, त्यांना तो आवडला, आणि भारतात आणल्यावर मात्र पात्यांमध्ये केस अडकून बसायला लागले. कारण तिथे प्रत्येकाकडे वाहता नळ होता आणि इथे लोक मगात नाहीतर वाटीत रेझर बुडवून दाढी करतात. नंतर २०१० मध्ये इथल्यासाठी मुद्दाम बनवलेला रेझर आला, जिलेट गार्ड, १५ रुपयांचा, एकाच पात्याचा. म्हणजे प्रगत तंत्र फिरून एका पात्यावरच आलं.

जास्त पाती म्हणजे जास्त चांगली दाढी, हा १९७१ पासूनचा धंदा आहे, तेव्हा दोन पात्यांचं कार्ट्रिज आलं, मग तीन, मग पाच. यामागे विज्ञान नाही असं नाही. पहिलं पातं केस कापताना त्याला थोडा ओढतं, तो परत आत जायच्या आत दुसरं पातं तो आणखी खाली कापतं, त्यामुळे खुंट कातडीच्या खाली जातो आणि गाल गुळगुळीत लागतो. पण ज्यांचे केस कुरळे त्यांचा हा टोकदार खुंट वाढताना वाकून आतच घुसतो आणि पुळ्या येतात. अशांना त्वचारोगतज्ज्ञ एक किंवा दोन पात्यांचाच रेझर वापरायला सांगतात. शिवाय पाच पाती म्हणजे त्याच कातडीवरून एका फेरीत पाच घासण्या.

सेफ्टी रेझर धरायचा तो पातं कातडीशी साधारण ३० अंशात येईल असा, आणि दाबायचं अजिबात नाही, रेझरचं वजन पुरतं. केस ज्या दिशेने वाढतो त्या दिशेने पहिला हात, परत फेस, मग आडवा हात. मानेवर दिशा बदलते, तिथे आधी बोटाने चाचपून बघा. उलटी दाढी रोज करू नका, गरज असेल तेव्हाच.

दाढी केल्याने केस राठ येतात हा समज पण इथेच मोडून टाकू. मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकन शरीररचनाशास्त्रज्ञ बाईंनी १९२८ मध्येच मोजमाप करून दाखवलं की दाढी केल्याने केसाची जाडीही वाढत नाही आणि वाढीचा वेगही नाही. न कापलेल्या केसाचं टोक निमुळतं असतं, कापलेल्याचं सपाट, म्हणून हाताला टोचतं, एवढंच. कातडीच्या वरचा केस मेलेला असतो, त्याला आपण कापले गेलो हे मुळाला कळवायची सोय नाही. मंगळवार, शनिवार, अमावस्या कळायची तर नाहीच नाही.

कापलंच तर तुरटी. ती पोटॅशियम आणि ॲल्युमिनियमचं सल्फेट, रक्तातली आणि कातडीवरची प्रोटीन्स गोठवते म्हणून बारीक जखमेचं रक्त थांबतं, झोंबते पण काम करते. फक्त घरातला खडा प्रत्येकाचा वेगळा ठेवा. सलूनमध्ये एकच खडा दहा गालांवर फिरत असेल तर नको म्हणा, आणि वस्तऱ्यात नवं अर्ध पातं डोळ्यांसमोर बसवून घ्या, हिपॅटायटिस बी रक्ताच्या न दिसणाऱ्या थेंबातूनही पसरतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

घरचं पातं किती दिवस वापरायचं, तर ओढल्यासारखं वाटायला लागलं की बदला, पाच रुपयांचा प्रश्न आहे. जुनी पाती मात्र सुटी कचऱ्यात टाकू नका, कचरा वेगळा करणाऱ्यांचे हात कापतात. एखादा पत्र्याचा डबा घ्या, झाकणाला चीर पाडा, त्यात टाकत जा, आणि भरला की झाकण चिकटपट्टीने बंद करून त्यावर मोठ्या अक्षरात 'ब्लेड' लिहून द्या.