ब्राह्मी

ओढ्याकाठचा चिखल, भातखाचराचा बांध, पाणथळ कुरण अशा जागी जमिनीसरशी पसरणारी औषधी वनस्पती. शास्त्रीय नाव बॅकोपा मोनिएरी. कुल प्लँटॅजिनेसी, म्हणजे इसबगोलाचेच. पाने लहान, मांसल व समोरासमोर, फुले पांढरी किंवा फिकट जांभळी, चव कडू. हिला जलब्राह्मी किंवा नीरब्राह्मी असेही म्हणतात.

हे दुसरे नाव लक्षात ठेवलेले बरे, कारण महाराष्ट्रात ब्राह्मी म्हणून कुंडीतून तोडून देतात ते गोलसर, दातेरी कडांचे पान बहुधा मंडूकपर्णीचे असते. करिवणा म्हणतात ती हीच: सेंटेला आशियाटिका, कोथिंबिरीच्या कुलातली. तिच्यात एशियाटिकोसाइड असते, जलब्राह्मीत बॅकोसाइडे. त्यामुळे एकीवर झालेल्या चाचणीचा दाखला दुसरीला देता येत नाही. जाहिरातींत मात्र तो सर्रास दिला जातो. चरकसंहितेत सांगितलेल्या चार मेध्य (बुद्धिवर्धक) रसायनांतही नाव आहे ते मंडूकपर्णीचे. ब्राह्मीघृत येते ते अपस्माराच्या चिकित्सेत.

बॅकोसाइडे ही सॅपोनिने, म्हणजे रिठ्याला फेस आणणाऱ्या संयुगांच्या गटातली. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने त्यांवर दीर्घकाळ काम केले. प्राण्यांवरील प्रयोगांत या अर्काने मेंदूतील ऑक्सिडीकरणाची हानी कमी केली आणि ॲसिटिलकोलीन मोडणाऱ्या विकराला (एन्झाइमला) आळा घातला. ॲसिटिलकोलीन हे स्मृतीशी निगडित चेतारसायन आहे.

माणसांवरचा पुरावा थोडा आहे, पण अगदीच पोकळ नाही. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील एका चाचणीत निरोगी प्रौढांना रोज ३०० मिग्रॅ. अर्क दिला. शिकण्याचा वेग वाढल्याचे व चिंता उतरल्याचे ठळकपणे दिसले ते १२ आठवड्यांनी. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मुलाला ब्राह्मी पाजण्यात त्यामुळे फारसे हशील दिसत नाही. २००८ मध्ये अमेरिकेत ६५ वर्षांवरील ५४ जणांच्या चाचणीत शिकलेले शब्द काही वेळाने पुन्हा आठवण्याची क्षमता सुधारली, चिंता व खिन्नतेचे गुणांक घटले. पोटाच्या तक्रारी मात्र आल्या. अल्झायमर बरा होतो किंवा टळतो, असे कोणत्याही चाचणीने सिद्ध केलेले नाही. डोक्याला ‘थंड’ म्हणून चोळल्या जाणाऱ्या ब्राह्मी तेलाचा तर या चाचण्यांशी संबंधच नाही; त्यांत अर्क पोटात घेतलेला होता.

मळमळ, पोटात मुरडा, वारंवार शौचास होणे हे नेहमीचे दुष्परिणाम. स्मृतिभ्रंशावर डोनेपेझिलसारखी औषधे चालू असतील, तर ॲसिटिलकोलीन टिकवण्याचे दोघांचे काम एकाच दिशेने होते, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. शिवाय ही वनस्पती पाण्यातील शिसे व कॅडमियम शोषून अंगात साठवते. दूषित पाणी शुद्ध करण्यासाठी तिचा अभ्यास झाला तो याच गुणामुळे, आणि सांडपाण्याच्या नाल्याकाठी वाढलेली जुडी औषधाला निरुपयोगी ठरते तीही त्याच गुणामुळे.