बाथरूममधला वास आणि 50 मिलिमीटर पाणी

मे महिन्यात गावाहून माणसं परतली की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरलेली तक्रार येते: बाथरूममधून गटाराचा वास येतोय, प्लंबर पाठवा. लगेच कोणीतरी वास्तुदोष काढतं आणि कोपऱ्यात खडेमिठाची वाटी ठेवायला सांगतं. मुंबईच्या दमट हवेत त्या मिठाला पाणी सुटेल, वास आहे तिथेच राहील.

विजेचं बिल कमी यावं म्हणून आपण खिडक्यांना रबरी पट्ट्या लावतो, दाराखालची फट बुजवतो. योग्यच आहे. पण घरातला स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, खोलीतलीच हवा फिरवून फिरवून थंड करतो. त्यामुळे दुपारी तळलेला बांगडा रात्री बेडरूममध्येही जाणवतो.

गटाराच्या वासाचं गणित मात्र मजेदार आहे. मोरीच्या जाळीखाली नहाणी ट्रॅप असतो. त्यात साधारण 50 मिलिमीटर पाणी कायम साचून राहतं, आणि घर व ड्रेनेज पाइप यांच्यामध्ये तेवढाच काय तो पडदा. पाण्याची घनता गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची, म्हणजे 1000 × 9.8 × 0.05, सुमारे 490 पास्कल. एवढ्या दाबफरकापर्यंत पलीकडची हवा अलीकडे येत नाही. भिंतीतल्या साध्या एक्झॉस्ट फॅनची ओढ यापुढे किरकोळ.

पण पाणी आटलं तर? फॅन जेवढी हवा बाहेर फेकतो तेवढीच कुठून तरी आत यावी लागते. जुन्या लाकडी खिडक्यांच्या फटींतून ती गुपचूप यायची. बंदिस्त घरात आतला दाब किंचित उतरतो आणि हवा सर्वांत सोपी वाट धरते: कोरडा ट्रॅप. वास घालवायला लावलेला फॅनच मग पाइपातला हायड्रोजन सल्फाइड घरात ओढतो. सडक्या अंड्यासारखा हा वास अब्जात काही भाग असला तरी नाकाला कळतो.

उपाय फुकटातला आहे. न वापरलेल्या मोरीत आठवड्याला तांब्याभर पाणी ओता. गावी जाताना त्यावर चमचाभर गोडंतेल सोडा; तवंगाखालचं पाणी सहज उडत नाही. फॅन चालू असताना खिडकी बोटभर उघडी ठेवा. उदबत्तीने वास फक्त झाकला जातो, वर धुराचे सूक्ष्म कण नाकात. एवढं करूनही वास राहिला तर वॉशिंग मशीनचा पाइप बघा. तो ट्रॅप टाळून थेट ड्रेनेज लाइनमध्ये खुपसलेला असेल, तर प्लंबरला बोलवायलाच हवं.