बेलुखा आणि बेलुगा : एका अक्षराने वेगळे झालेले दोन जीव

एप्रिल 2019मध्ये नॉर्वेच्या अगदी उत्तरेला, फिनमार्कच्या समुद्रात, मच्छीमारांच्या होडीजवळ एक पांढराशुभ्र देवमासा येऊन घुटमळू लागला. त्याच्या अंगाला पट्टा बांधलेला होता आणि पट्ट्याच्या बक्कलवर सेंट पीटर्सबर्गचं नाव होतं. नॉर्वेजियन भाषेत देवमाशाला ‘ह्वाल’ म्हणतात. त्याला रशियन ‘व्लादिमीर’ची शेपटी जोडून लोकांनी त्याचं नाव ‘ह्वाल्दिमीर’ ठेवलं. 31 ऑगस्ट 2024 रोजी तो नॉर्वेच्या किनाऱ्यालगत मेलेला आढळला, तोपर्यंत त्याच्या बातम्या येत राहिल्या. जगभर त्या छापल्या गेल्या ‘बेलुगा व्हेल’ म्हणून. रशियन वर्तमानपत्रांत मात्र शब्द होता ‘बेलुखा’.

रशियन शिकणाऱ्याने हा फरक सुरुवातीलाच पक्का करून घ्यावा असं मला मनापासून वाटतं. आजच्या प्रमाण रशियनमध्ये बेलुखा म्हणजे उत्तर ध्रुवीय समुद्रातला पांढरा देवमासा आणि बेलुगा म्हणजे कॅस्पियन, काळ्या समुद्रातला आणि व्होल्गा, डॅन्यूबसारख्या नद्यांत चढणारा स्टर्जन जातीचा अजस्र मासा. एक सस्तन प्राणी, पिल्लांना दूध पाजणारा. दुसरा खराखुरा मासा, अंडी घालणारा. महागडं काळं कॅव्हियार ही या दुसऱ्याची गाबोळी. देवमाशाला गाबोळी असूच शकत नाही, पण नावाच्या घोटाळ्यामुळे ‘कॅव्हियार देवमाशाचं असतं का?’ हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो.

दोन्ही शब्दांचं मूळ एकच : ‘बेली’ म्हणजे पांढरा. ‘-ऊखा’ हा प्रत्यय विशेषणापासून स्त्रीलिंगी नाम घडवतो. ‘झोल्ती’ म्हणजे पिवळा, त्यावरून ‘झेल्तूखा’ म्हणजे कावीळ. ‘क्रास्नी’ म्हणजे लाल, त्यावरून ‘क्रास्नूखा’ म्हणजे रुबेला. तशीच बेलुखा, म्हणजे पांढरी. आल्ताय पर्वतातल्या 4,506 मीटर उंचीच्या हिमाच्छादित शिखराचं नावही बेलुखाच आहे. ‘-ऊगा’ लक्षात ठेवायला दुसरी सोय आहे. सेव्रूगा आणि आमूर नदीतली कालूगा हे दोन्ही मासे स्टर्जनच. त्यांच्या पंगतीत बेलुगा सहज बसते.

उच्चारात जोर मधल्या ‘लू’वर द्यायचा. त्यामुळे पहिलं अक्षर ‘बे’पेक्षा ‘बि’कडे झुकतं. आणि ‘खा’ आपल्या खारकेतला नव्हे. गझल ऐकणाऱ्यांच्या कानात ‘ख़बर’, ‘ख़्वाब’मधला जो घशातून घासत येणारा ख़ असतो, तो इथे हवा. तो नीट उमटला नाही तर ऐकणाऱ्याला देवमासा आणि मासा यांतला फरक कळायला फक्त संदर्भ उरतो.

व्याकरण मराठी माणसाला जड जात नाही. आपल्यासारखीच तीन लिंगं रशियनमध्ये आहेत आणि बेलुखा स्त्रीलिंगी आहे. ह्वाल्दिमीर नर असला तरी ‘बेलुखा’ हा शब्द कर्ता झाला की भूतकाळी क्रियापद स्त्रीलिंगीच येतं : बेलुखा पोहत निघून गेली. अनेकवचन बेलुखी. कर्म झालं की रूप बदलतं : ‘या वीझू बेलुखू’, मला एक बेलुखा दिसते आहे. अनेक दिसल्या तर ‘या वीझू बेलुख’. आपण ‘दगड पाहिला’ पण ‘मुलाला पाहिलं’ म्हणतो. सजीव आणि निर्जीव यांत असाच भेद रशियन अनेकवचनातलं कर्म करतं. निर्जीव वस्तूंचं रूप कर्त्यासारखंच राहतं, सजीवांना षष्ठीचं रूप लागतं. हेच ‘बेलुख’ रूप पाचपासून पुढे मोजतानाही येतं : एक बेलुखा, ‘द्वे बेलुखी’, पण ‘प्यात् बेलुख’.

आता खरी गंमत. एखादं मूल भोकाड पसरून रडू लागलं की रशियन माणूस म्हणतो, ते ‘बेलुगासारखं’ ओरडतंय. ‘रेव्येत् बेलुगोय’ हा रोजच्या बोलण्यातला वाक्प्रचार आहे. पण बेलुगा मासा तर ओरडत नाही! आवाज करतो तो देवमासा. पूर्वी दोन्ही नावं एकमेकांच्या जागी वापरली जात आणि म्हणीत तो जुना वापर गोठून राहिला. त्या काळातलाच ‘बेलुगा’ इंग्रजीत गेला आणि देवमाशाला चिकटला.

बेलुखाच्या आवाजाचं वर्णन ‘डरकाळी’ या एका शब्दात मावत नाही. शिट्ट्या, टकटक, किलबिल, करकर, घंटेसारखे नाद, इतकी विविधता की दर्यावर्दी त्याला समुद्रातला कॅनरी पक्षी म्हणत. हा आवाज स्वरयंत्रातून निघत नाही. डोक्यावरच्या श्वासछिद्राखाली नाकपुड्यांच्या वाटेत ओठांसारख्या घड्या असतात, त्यांतून हवा ढकलली की त्या थरथरतात. कपाळावरचा चरबीचा मऊ उंचवटा तो ध्वनी पुढे एकवटतो आणि परतलेल्या प्रतिध्वनीवरून प्राण्याला अंधारात, बर्फाखाली वाट कळते. बेलुखा या उंचवट्याचा आकार बदलते, ते बाहेरून दिसतंसुद्धा. तिच्या मानेचे मणके एकमेकांना जुळलेले नसल्यामुळे ती मानही वळवू शकते. पाठीवर पर नाही, त्यामुळे बर्फाच्या छताखालून सरकणं सोपं जातं.

अमेरिकी नौदलाकडच्या एका बेलुखाने तर माणसाच्या बोलण्याची नक्कल केली. 1984च्या सुमारास एक पाणबुड्या टाकीतून वर आला आणि मला बाहेर यायला कोणी सांगितलं, असं विचारू लागला. सांगितलं कोणीच नव्हतं. आवाज प्राण्याचा होता. 2012मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात दिसलं की त्यासाठी तो नाकातला हवेचा दाब वाढवत होता आणि नेहमीपेक्षा कित्येक सप्तकं खालचा सूर लावत होता.

मुकी बेलुगा मात्र संकटात आहे. हा मासा शंभरावर वर्षं जगू शकतो, टनाहून जड होऊ शकतो, पण मादी वयात यायलाच पंधरा-वीस वर्षं लागतात. गाबोळीसाठी ती मारली गेली. 1961मध्ये पूर्ण झालेल्या व्होल्गोग्राद धरणाने अंडी घालायच्या जुन्या जागांची वाट अडवली. आज ती अतिसंकटग्रस्त यादीत आहे, तर बेलुखा एकंदर प्रजाती म्हणून तितक्या धोक्यात नाही. ‘बेलुगा धोक्यात’ असा मथळा वाचून पांढरा देवमासा डोळ्यांपुढे आला, तर ज्या माशाला वाचवायचं तोच नजरेआड होतो.

नावांची जुनी सरमिसळ रशियाच्या नकाशावर अजून वाचता येते. शब्दापासून विशेषण होताना ‘ख’चा ‘श’ होतो आणि ‘ग’चा ‘झ’. नोवाया झेम्ल्या बेटांवर ‘बेलूश्या गुबा’ नावाची वस्ती आहे : बेलुखांची खाडी, नियमाप्रमाणे. आणि श्वेत समुद्रात सोलोवेत्स्की बेटाजवळ, जिथे उन्हाळ्यात बेलुखा पिल्लांसह जमतात आणि मॉस्कोच्या शिर्शोव समुद्रविज्ञान संस्थेचे संशोधक त्यांचा अभ्यास करतात, त्या भूशिराचं नाव आहे ‘बेलूझी’, ‘झ’ घेऊन.