डिजिटल चिकटवही : पानांचे जतन आणि छपाई

कात्री-डिंकाऐवजी संगणकावर छायाचित्रे, नक्षीचे कागद, फिती आणि आठवणींचा मजकूर एकावर एक रचून केलेल्या पानाला डिजिटल चिकटवहीचे (स्क्रॅपबुकचे) पान किंवा नुसते ‘लेआउट’ म्हणतात. चिकटवहीची हौस जुनीच. मार्क ट्वेन या अमेरिकन लेखकाने १८७३ मध्ये आधीच गोंद लावलेल्या पानांच्या वहीचे पेटंट घेतले होते. डिजिटल पानाचे १२ × १२ इंच हे रूढ मापही कागदी अल्बमकडूनच आले आहे.

हे माप इंचाला ३०० पिक्सेल या छपाईच्या दर्जाने ३६०० × ३६०० पिक्सेल होते. एकाच थराची (लेयरची), न दाबलेली म्हणजे कॉम्प्रेस न केलेली फाइल सुमारे ३९ एमबी भरते. सावल्या, मजकूर, सजावट असे लेयर वाढले की ती सहज काहीशे एमबीवर जाते. म्हणून बरेच जण पान पूर्ण झाल्यावर लेयर एकत्र करून फक्त जेपेग ठेवतात, आणि पुढे नावातली एक वेलांटी सुधारायची तरी हात चोळत बसतात. जेपेग हा पानाचा ठसा आहे, साचा नव्हे. साचा म्हणजे लेयर असलेली पीएसडी (फोटोशॉपची स्वतःची) किंवा टिफ फाइल; ठसा आणि साचा दोन्ही जपावेत. जेपेग नुसती उघडल्याने किंवा तिची नक्कल केल्याने बिघडत नाही. बदल करून पुन्हा जेपेगमध्येच सेव्ह केली की दर वेळी थोडा तपशील गळतो.

मराठी पानांना फाँटची वेगळीच डोकेदुखी असते. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व (सर्व संगणकांना समान असलेल्या अक्षर-संकेतांच्या आधीच्या) फाँटमध्ये लिहिलेला मजकूर तो फाँट नसलेल्या संगणकावर रोमन अक्षरांची गिचमिड होऊन दिसतो. युनिकोड वापरले तरी फोटोशॉपमध्ये भारतीय लिप्यांसाठीची मजकूर-मांडणी निवडलेली नसली, तर जोडाक्षरे फुटतात आणि वेलांट्या भलतीकडे जातात. यावर उपाय म्हणजे मजकुराचा लेयर तसाच ठेवून त्याची एक प्रत आकृतीत (शेपमध्ये) बदलणे, म्हणजे तिला फाँटची गरज उरत नाही, आणि मूळ मजकूर साध्या टेक्स्ट फाइलमध्ये शेजारी ठेवणे. मूळ छायाचित्रेही त्याच फोल्डरमध्ये असावीत. फोल्डरच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग प्रसंग लिहिला की क्रम आपोआप लागतो.

बॅकअपसाठी ३-२-१ हा नियम सांगितला जातो. तो अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्यामुळे रूढ झाला. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक घराबाहेर. एकाच कपाटात ठेवलेल्या दोन हार्ड डिस्क चोरीत किंवा पुरात एकदमच जातात. क्लाउडशी आपोआप जुळणारे फोल्डर हा पुरेसा बॅकअप नाही, कारण इथे चुकून खोडलेले पान तिथूनही खोडले जाते. काही सेवांच्या कचरापेटीत ते थोडे दिवस सापडते, एवढाच दिलासा. गूगल फोटोजवर १ जून २०२१ पासून चढवलेली छायाचित्रे १५ जीबीच्या मोफत जागेत मोजली जातात आणि जागा वाचवणारा पर्याय निवडल्यास ती दाबलीही जातात. छपाईच्या लॅबला पान व्हॉट्सॲपने पाठवायचेच असेल तर फोटो म्हणून नव्हे (तसे ते दाबले जाते), डॉक्युमेंट म्हणून पाठवावे.

छपाईत माप फसवते. ए३ कागदाची रुंदी २९७ मिमी, तर १२ इंच म्हणजे जवळपास ३०५ मिमी. पान एवढ्याशा फरकाने मावत नाही. १२ × १८ इंचांच्या शीटवर ते बसते, पण कापणीसाठी चारही बाजूंनी सोडायची सुमारे ३ मिमी जादा पार्श्वभूमी, म्हणजे ब्लीड, उरत नाही. त्यासाठी १३ × १९ इंचांची शीट लागते. घरच्या ए४ प्रिंटरवर ८ × ८ इंचांचे पान जेमतेम बसते. चेहरे आणि अक्षरे कापणीच्या रेषेपासून आणखी आत ठेवावीत. आपल्याकडच्या लग्नाच्या करिझ्मा अल्बमची १२ × ३६ इंचांची जोडपाने याच पद्धतीने, बहुधा तयार पीएसडी साच्यांवर रचली जातात. तिथे मधल्या घडीवर कोणाचे नाक येऊ नये ही जास्तीची काळजी घ्यावी लागते.

रंगांसाठी फोटो लॅब सहसा एसआरजीबी (पडद्यांसाठीची सर्वसाधारण रंगपद्धत) फाइल मागतात. सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शाईंची रंगपद्धत, छापखान्याने मागितली तरच द्यावी. उजळ ठेवलेल्या पडद्यावर छान दिसणारे पान कागदावर काळवंडते, म्हणून पूर्ण अल्बमआधी एक पान त्याच कागदावर छापून पाहतात. लॅमिनेशन नसलेले फोटो-प्रिंट कोकणातल्या पावसाळी दमटपणात एकमेकांना चिकटतात. त्यांच्यामध्ये आम्लरहित कागद घालून ते उभे न ठेवता आडवे ठेवतात.