कमला सोहोनी खरंच ‘पहिल्या’ होत्या का?

महिला दिन आला की एक मजकूर हमखास फिरतो : जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी या विज्ञानात डॉक्टरेट मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला. तसं नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांना मिशिगन विद्यापीठाने १९३१ सालीच डॉक्टरेट दिली होती. सोहोनींना केंब्रिजची पीएच.डी. मिळाली १९३९ मध्ये.

पण ‘पहिल्या’चा टिळा पुसला म्हणून बिघडलं कुठे? बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी केवळ बाई म्हणून प्रवेश नाकारला, तेव्हा या भागवतांच्या कमला हटल्या नाहीत. अखेर अटी घालून का होईना, त्यांना घ्यावं लागलं. पुढे केंब्रिजला बटाट्यावर काम करताना, पेशींच्या श्वसनाला लागणारं सायटोक्रोम सी वनस्पतींतही असतं, हे त्यांनी दाखवलं. प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा!