गाडीतली हातोडी आली कुठून?

अडकल्यावर काच फोडून बाहेर पडता यावं म्हणून गाडीत ठेवायच्या हातोडीची गोष्ट खरं तर काचेची गोष्ट आहे. सुरुवातीच्या मोटारींना साधी काच असायची. धडकेतून वाचलेला माणूस तिच्या लांब, धारदार तुकड्यांनी कापला जायचा. १९०३ साली एदुआर बेनेदिक्तुस या फ्रेंच रसायनतज्ज्ञाच्या हातून काचेचा एक चंबू पडला. तो तडकला, पण विखुरला नाही, कारण आत वाळलेल्या सेल्युलोज नायट्रेटचा, म्हणजे एका प्लास्टिकसारख्या पदार्थाचा थर होता. त्यातूनच पुढे दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पापुद्रा दाबून केलेली लॅमिनेटेड काच आली. आज गाडीची पुढची काच तीच असते.

बाजूच्या काचा वेगळ्या वाटेने गेल्या. काच तापवून तिच्यावर गार हवेचे झोत सोडले की पृष्ठभाग आधी थिजतो आणि आतला भाग मागाहून आकसतो. मग वरचा थर कायम दाबाखाली, आतला कायम ताणाखाली. ही टफन्ड काच ठोशाला, लाथेला दाद देत नाही. पण कठीण टोक वरचा थर भेदून आत गेलं की क्षणात हरभऱ्याएवढे तुकडे होतात. म्हणून हातोडीचं डोकं अणकुचीदार, आणि घाव मधोमध नाही तर कोपऱ्याजवळ घालायचा. हातोडीऐवजी स्प्रिंगचं छोटं साधनही असतं, ते काचेला टेकवून नुसतं दाबलं की टोक आपोआप सुटतं; हात उगारायलाही जागा लागत नाही. (सीटचा हेडरेस्ट निघतो तो काच फोडण्यासाठीच, ही मात्र शुद्ध थाप. तो मान सांभाळायला आहे.)

हातोडीच्या दांड्यातलं पट्टा कापायचं पातं सीटबेल्टमुळे आलं. व्होल्व्होच्या नील्स बोलिन यांचा तीन ठिकाणी बांधला जाणारा बेल्ट १९५९ चा. त्याने असंख्य जीव वाचवले, पण क्वचित तोच अडकतो. पातं खाचेत लपवलेलं असतं. पट्टा आत शिरतो, बोट शिरत नाही.

गाडी पाण्यात पडली तर हाताशी मिनिटभरच असतं. कॅनडातले संशोधक गॉर्डन गिसब्रेक्ट यांनी प्रत्यक्ष गाड्या बुडवून क्रम सांगितला: बेल्ट काढा, खिडकी उघडा, आधी मुलं, मग तुम्ही. दाराच्या नादी लागू नका, बाहेरून पाणी ते दाबून धरतं. खिडकी बटणाने उघडली नाही तरच हातोडी.

पण आता काच पुन्हा पुढे निघून गेली आहे. गाडी उलटल्यावर माणूस खिडकीतून फेकला जाऊ नये, असा नियम अमेरिकेत २०११ साली आला. त्यासाठी, शिवाय आवाज कमी व्हावा म्हणूनही, बाजूलाही लॅमिनेटेड काचा बसू लागल्या. तिथल्या ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१९ मध्ये काच फोडायची सहा साधनं तपासली. चारांनी टफन्ड काच फोडली, लॅमिनेटेड एकानेही नाही. तडा गेला, पण काच जागची हलली नाही.

काच कुठली, ते बहुतेक वेळा तिच्याच खालच्या कोपऱ्यातल्या बारीक छापात लिहिलेलं असतं. एकाच गाडीत पुढच्या दारांना लॅमिनेटेड आणि मागच्यांना टफन्ड असंही असतं, तेव्हा प्रत्येक खिडकीचा छाप वेगळा वाचावा लागतो.